नदीवाटेचं फाटक

नोव्हेंबरचा दुसरा शुक्रवार. रात्रीचे साडेअकरा. नदीवाटेचं फाटक बंद होतं आणि त्याला रस्त्याच्या बाजूनं कुलूप होतं. आकाश स्वच्छ, चंद्र नाही, वारा नाही. फाटकाबाहेर एक माणूस आणि त्याची स्कूटर. फाटकाच्या आत कुणी नव्हतं.

इतकं पक्कं आहे. इतक्यावर मी कुठल्याही कोर्टात शपथेवर उभा राहीन. पुढचं मी ज्याच्या तोंडून ऐकलं तो माणूस माझ्या ओळखीचा होता, नुसता ओळखीचा नाही, माझ्याबरोबर उन्हातान्हात हिंडलेला. म्हणून सांगतोय. नाहीतर भुताबितांच्या गोष्टी छापायला माझा कायम विरोध असायचा.

तो दिवा जरा बाजूला घ्या रे, डोळ्यांवर येतोय. उद्या सकाळी होड्या पाण्यात घालायच्यात ना तुम्हाला? मग ऐकून ठेवा. झोप आली तर झोपा, मला राग नाही. येणार नाही, ती गोष्ट वेगळी.

"काका, तुम्ही घाबरवायचं ठरवूनच आलाय," कोपऱ्यातली एक मुलगी म्हणाली.

घाबरवायला नाही गं, चीड आणायला आलोय. भुताची नाही, माणसांची. भुताचं काय, ते आपलं सरळ असतं.

तर आमच्या पेपरात एक फोटोवाला होता. त्याला सगळे खटक्या म्हणायचे. कॅमेऱ्याचा खटका दाबतो म्हणून खटक्या. अतिशय सुमार फोटो काढायचा. लग्न असो, सभा असो, आग असो, त्याच्या फोटोत सगळी माणसं सारखीच कंटाळलेली दिसायची. पण एक होतं. खोटं बोलायला थोडी कल्पनाशक्ती लागते, ती देवानं त्याला दिलेलीच नव्हती. जे समोर असेल ते खटक. समोर नसेल ते नाही. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

आता ही वाट. तुम्ही आज त्या वाटेनंच होड्या खाली नेल्यात, म्हणून तुम्हाला वाटतं की ती तशीच असते. माझ्या लहानपणी तीच नदीची वाट. पोहायला त्या वाटेनं, गळ टाकायला त्या वाटेनं, रविवारी डबा घेऊन पलीकडच्या रानात जायचं तर त्याच वाटेनं. कुणी कुणाला विचारत नसे. मग एका कंपनीनं दोन्ही काठ विकत घेतले. शहरातल्या लोकांना शांतता विकायची होती, लाकडी खोल्या बांधून. बांधा की, आमचं काही म्हणणं नाही. पण त्यांना शांतता पाहिजे होती ती आमच्याशिवाय.

पाणी विकत घेता येत नाही. नदी सगळ्यांची. म्हणून काय केलं, तर काठ बंद केला. होडीतून जा, कोण अडवतंय, पण पाय वाळूला लागला की ती घुसखोरी. म्हणजे बस सगळ्यांची, कुठंही बसा, फक्त उतरायचं नाही!

"हे असं कायद्यात आहे?" एकानं विचारलं.

कायद्यात उलटं आहे, बाबा. वाट सार्वजनिक आहे. फाटक लावायला परवानगी दिली ती या अटीवर की त्याला कुलूप लावायचं नाही. फाटकावर पाटीसुद्धा होती, हिरव्या रंगाची, छान अक्षरात: 'हे फाटक सदैव उघडे आहे.' आणि त्या पाटीखाली कुलूप. तक्रार केली की अधिकारी यायचे. पण यायच्या आधी फोन करायचे, 'येतोय हां आम्ही.' ते येईपर्यंत कुलूप गायब. मग कागदावर काय जायचं? फाटक उघडे आढळले. पाच तक्रारी, पाचही वेळा फाटक उघडे आढळले. मी हे छापलं तर कंपनीच्या मॅनेजरनं मला चहाला बोलावलं. मी गेलो नाही. चहा मला पित्त करतो. तसली माणसंही करतात.

आणि मग मास्तर गेले.

मास्तर म्हणजे पोहणं शिकवणारे. गावच्या तलावावर त्यांनी निम्मं गाव पाण्यात ढकललं असेल.

"माझी आई त्यांच्याकडेच शिकली," कोपऱ्यातली म्हणाली.

मग आईला विचार. पोर पाण्यात घाबरलं, दम धरून ताठ झालं की मास्तर डोक्यावर हात ठेवायचे आणि म्हणायचे, "श्वास सोड. सोडल्याशिवाय नवा येत नाही." बस्स. ओरडणं नाही, काही नाही. लग्न केलं नाही, थोरल्या बहिणीकडे राहायचे. तिला सगळं गावच ताई म्हणायचं. सुट्टीच्या दिवशी मास्तर तुमच्यासारख्या होडीवाल्यांबरोबर नदीत. होडी जुनी आणि वल्हं स्वतः तासलेलं, लाकडाचं. पात्याचा एक कोपरा फुटला तेव्हा ताईनं डब्यांना डाग देणाऱ्याकडून त्यावर तांब्याची पट्टी मारून आणली होती. ते वल्हं गावात कुणीही ओळखलं असतं.

आता मला सांगा, नदीतून जाताना वाळूत वल्हं उभं दिसलं, पातं वर, दांडा खाली रोवलेला, तर काय समजायचं?

"माणूस उतरलाय. सुखरूप आहे. चालत वर गेलाय. त्याच्यासाठी थांबू नका."

बरोबर. पाण्याच्या आवाजात हाक ऐकू जात नाही म्हणून तुम्हा लोकांची ही खूण. चांगली खूण आहे. त्या दिवशी तिनंच घात केला.

त्या वर्षी पावसाळा संपता संपता वरच्या धरणातून पाणी सोडलं. न सांगता. पाच होड्या नदीत होत्या, मास्तर सगळ्यांत पुढे. वळणावर त्यांची होडी खडकावर आपटली. खांदा निखळला. होडी गेली, पण वल्हं हातात राहिलं. ते कवटाळून म्हणा, धरून म्हणा, एका हातानं पोहत ते आपल्या या वाटेच्या पायथ्याशी असलेल्या वाळूच्या पट्टीला लागले. आणि वाळूत वल्हं उभं केलं. मागच्यांसाठी. स्वतःचा खांदा लोंबतोय आणि माणसाला काळजी मागच्यांची.

मागून बाकीचे आले. पुढे होता तो तेव्हाचा तुमच्या क्लबचा म्होरक्या, त्याला सगळे दाढी म्हणायचे. त्यानं वल्हं पाहिलं आणि ओरडला, "मास्तर उतरले! चला पुढे!" पाणी थांबूही देत नव्हतं. पुलापाशी बाहेर पडेपर्यंत अंधार झाला. मास्तर वाटेनं वर गेले असतील, रस्त्याला लागले असतील, कुणाच्या तरी गाडीतून घरी पोचून ताईच्या हातचं गरम काहीतरी खात असतील, असं सगळ्यांनी धरलं. वल्हं उभं होतं ना. फाटकाचं कुलूप त्या घाईत कुणाच्या डोक्यात आलं नाही. दाढीनं त्यानंतर होडीला हात लावलेला नाही.

सकाळी मास्तर सापडले. वाळूच्या पट्टीच्या खाली, लव्हाळ्यात, पालथे.

आणि वल्हं? नाहीसं. वाळूत भोकसुद्धा नाही. रात्रीतून पाणी तिथवर चढलं असेल, किंवा पाण्याशिवाय दुसऱ्या कुणीतरी ते उचललं असेल. मला विचाराल तर... जाऊ दे, पुरावा नाही.

मॅनेजरनं लिहून दिलं की सदर इसम आमच्या जागेत आलेलाच नाही. नदीत बुडाला. नदी आमची नाही. आणि फाटक, ते तर सदैव उघडे आहे. मास्तरांच्या दोन्ही तळहातांवर खोल ओरखडे होते. ते खडकाचे, असं लिहिलं गेलं. काटेरी तारेचे असू शकतात का, असं मी डॉक्टरला विचारलं. तो म्हणाला, असू शकतात. मग लिहीत का नाही? म्हणाला, मला कुणी विचारलं नाही!

दुसऱ्या एका पेपरानं मथळा दिला, 'पोहणे शिकवणारा बुडाला'. गंमत वाटली असेल त्यांना. ताईला तो मथळा बाजारात लोकांच्या तोंडून ऐकावा लागला. ती माझ्याकडे आली. रडली नाही. म्हणाली, "दादा, मला दुसरं काही नको. त्याला पाण्यानं नाही मारलं. तो पाण्यातून स्वतःच्या पायानं बाहेर आला होता. एवढं एक वाक्य सरकारी कागदावर लिहून द्या."

एक वाक्य. त्या एका वाक्यासाठी ती वर्षभर कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवत होती. शेवटी चौकशी लागली. अधिकारी बाई नव्या होत्या, त्यातल्या त्यात बऱ्या. त्यांनी सांगितलं, शनिवारी सकाळी जागेची पाहणी करते, फाटकाला कुलूप असतं असा पुरावा असेल तर आणा, नसेल तर मला फाइल बंद करावी लागेल. आणि पाहणीची नोटीस अर्थातच कंपनीलाही गेली होती.

म्हणून मी शुक्रवारी रात्री खटक्याला पाठवलं. काम सोपं. शनिवारचा आमचा अंक छपाईवरून रात्री दहालाच निघायचा. तो ताजा अंक फाटकाला अडकवायचा, तारीख दिसेल असा. शेजारी कुलूप, वर ती हिरवी पाटी. तिन्ही एका फोटोत. खटक, खटक, घरी.

"मी एकटाच?" तो म्हणाला.

"मग काय बँडबाजा पाठवू?"

"तसं नाही, वॉचमन असतो तिथं."

"असला तर त्याचाही फोटो काढ."

गेला बिचारा.

फाटक तुम्ही पाहिलंय. तेव्हा त्यावर काटेरी तारेची वेटोळी होती आणि दोन्ही बाजूंनी जाळीचं उंच कुंपण थेट नदीपर्यंत उतरलेलं होतं, शेवटचा खांब पाण्यात. फाटकासमोर रस्त्यापर्यंत काँक्रीटचा पट्टा, ट्रक वळवायला केलेला. रस्त्याच्या कडेला थोडं पुढे वॉचमनची केबिन. केबिनमध्ये दिवा होता आणि रेडिओ चालू होता.

खटक्यानं अंक चिमट्यांनी अडकवला. पहिला फोटो काढला. फ्लॅशचा उजेड झाडांवर आदळला. आता वॉचमन धावत येणार म्हणून त्यानं स्कूटरची किल्ली हातात धरून ठेवली होती. कुणी आलं नाही. दुसरा फोटो काढला. केबिनमधल्या रेडिओचा आवाज मोठा झाला, इतकंच.

हे त्याला विचित्र वाटलं. पण म्हणाला, आपल्याला काय, बरंच झालं. तिसरा फोटो काढून तो अंकाचे चिमटे सोडवत होता, तेव्हा त्याला पावलं ऐकू आली.

आतून. खालून, नदीकडून.

रबरी बूट पाण्यानं भरले की कसे वाजतात, तुम्हाला माहीत आहे. चप्प... चप्प... एक पाऊल जड, एक हलकं. वाटेच्या वळणावर पावलं थांबली. मग पुन्हा. फाटकाच्या पलीकडे, म्हणजे आतल्या बाजूला, अगदी जवळ येऊन थांबली.

"फाटक उघडं आहे का हो?"

आवाज घोगरा, पण सभ्य. वर्गात शेवटच्या बाकावरच्या मुलाला विचारावं तसा. खटक्याला वाटलं, कुणी होडीवाला अडकलाय. त्याची भीती गेलीच. म्हणाला, "नाही हो, कुलूप आहे."

"नीट बघा ना. मला आतून दिसत नाही."

खटक्यानं कुलूप हातात घेऊन ओढून पाहिलं. "कुलूपच आहे. पक्कं आहे."

नुसतं पाणी ठिबकत होतं. टप... टप... मग पावलं वळली आणि कुंपणाच्या कडेनं खाली निघाली. दर खांबाशी तार ओढून पाहत असल्यासारखा आवाज. टण्ण. पुढच्या खांबाशी, टण्ण. खाली, आणखी खाली. शेवटी पाण्याचा आवाज आला. मोठा नाही. कुणीतरी पाण्यात पाय घालावा, आणि मग... आणि मग नदीच्या आवाजात दुसरं काही उरलं नाही.

"अहो!" खटक्या ओरडला. "अहो, तिकडून जाऊ नका! थांबा, मी वॉचमनला उठवतो!"

नदी वाहत होती.

तो धावतच केबिनशी गेला आणि दार बडवलं. आत वॉचमन जागा होता. खुर्ची दाराला टेकवून बसलेला. दार उघडलं नाही, खिडकीच्या फटीतून बोलला.

"काय आहे?"

"आत माणूस अडकलाय! पाण्यात गेला बहुतेक. किल्ली द्या!"

"किल्ली माझ्याकडे नसते. ऑफिसात असते. सकाळी येते."

"अहो, माणूस मरेल!"

रेडिओवर कुणीतरी हसत होतं. मग वॉचमन म्हणाला, "तुम्ही त्याच्याशी बोललात?"

"हो. त्यानं विचारलं, उघडं आहे का."

"काय सांगितलंत?"

"कुलूप आहे म्हणून. दुसरं काय सांगणार?"

"मीही तेच सांगितलं होतं," वॉचमन म्हणाला. "त्या रात्री. आतून हाका मारत होता. म्हटलं, किल्ली नाही, सकाळी या. मला काय माहीत खांदा तुटलाय म्हणून? मला वाटलं, असेल कुणी फुकट्या. सकाळी या, म्हटलं. आता रोज येतो. रोज विचारतो. तुम्ही रेडिओ ऐकत बसा इथं. दोनतीनदा येतो, मग जातो."

खटक्यानं पिशवीतून टॉर्च काढला. त्याच क्षणी त्याला पुन्हा ऐकू आलं. खालून.

चप्प... चप्प...

आता इथं कुणीही स्कूटरला लाथ मारली असती. मी मारली असती. खटक्या परत फाटकाकडे गेला. का, ते त्यालाही सांगता आलं नाही. म्हणाला, मला वाटलं आपण उत्तर चुकीचं दिलं.

त्यानं टॉर्च लावला. उजेड जाळीतून आत गेला आणि एका छातीवर पडला. केशरी रंगाचं तरंगतं जाकीट. डाव्या खांद्याचा पट्टा तुटलेला. ते जाकीट त्यानं पाहिलं होतं. लव्हाळ्यात, मागच्या वर्षी. फोटो त्यानंच काढला होता. एक हात सरळ लोंबत होता आणि त्याच्या बोटांतून पाणी गळत होतं. उजेड वर नेला तरी वर काही दिसेना. टॉर्च चालू होता. उजेड छातीपर्यंतच पोचत होता.

"मास्तर?"

खटक्या जाळीजवळ सरकला.

"मास्तर, तुमची ताई..."

टप... टप...

"फाटक उघडं आहे का हो?"

तेच शब्द. तोच सूर.

खटक्यानं दगड उचलला. कुलपावर घातला. पुन्हा घातला. बोट ठेचलं. कुलूप हललं नाही. आत कुणी हालचाल करत नव्हतं. वाट पाहत होतं. मग पावलं वळली. टण्ण... टण्ण... खाली. पाणी.

शांत.

केबिनमधला रेडिओ बंद झाला होता. वॉचमनच्या रडण्याचा आवाज येत होता, किंवा प्रार्थनेचा. खटक्या काँक्रीटवर गुडघे टेकून बसला. आणि खालून...

चप्प.

या वेळी सावकाश. दमलेलं.

चप्प.

फाटकापाशी थांबलं. जाळीला काहीतरी टेकलं. कपाळ असेल.

"फाटक उघडं आहे का हो?"

पोरांनो, आता ऐका. सरकारनं पाच वेळा लिहिलं होतं, फाटक उघडे आहे. कंपनीनं लिहिलं होतं, सदैव उघडे आहे. ज्याला ते ऐकायची गरज होती त्याला मात्र प्रत्येकानं एकच सांगितलं, कुलूप आहे, सकाळी या. आणि खटक्या, ज्याला खोटं बोलता येत नव्हतं, कधीच आलं नव्हतं, तो म्हणाला,

"उघडं आहे, मास्तर. या."

...

काही वाजलं नाही. कडी नाही, बिजागरी नाही. कुलूप त्याच्या डोळ्यांसमोर होतं, जसंच्या तसं.

चप्प.

अलीकडे. काँक्रीटवर. त्याच्या बाजूला.

त्यानं डोळे मिटले. दम धरला. छातीत दुखायला लागलं तरी धरला. पावलं त्याच्या समोर आली. थांबली. नदीचा वास आला, ओल्या वाळूचा. आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवला गेला. ओला. जड. मायेचा, असं तो म्हणाला. शब्द त्याचाच.

"श्वास सोड."

त्यानं सोडला.

डोळे उघडले तेव्हा उजाडत होतं.

ताईला घेऊन मी सकाळी साडेआठला पोचलो. मॅनेजर आमच्याही आधी आला होता. पाहणीच्या आधी कुलूप काढायचं म्हणून घाईघाईत आला असणार, कारण किल्ली हातात होती आणि तो तसाच उभा होता. कुलूप लावलेलंच. खटक्या स्कूटरला टेकून बसलेला, केस ओले. केबिन उघडी, रिकामी. आणि फाटकासमोर, रस्त्याच्या बाजूला, काँक्रीटच्या पट्ट्याच्या मधोमध वल्हं उभं होतं.

पातं वर. दांडा खाली.

मॅनेजरला वाचा फुटली ती मला पाहून. "हे तुमचंच काम आहे! पेपरवाल्यांची नाटकं!"

"साहेब, आधी तुमच्या हातातल्या किल्लीचं बोला," मी म्हटलं. "सदैव उघड्या फाटकाला ती कशाला लागते?"

एवढ्यात अधिकारी बाईंची गाडी आली. मॅनेजरनं हात खिशात घातला, पण बाईंनी पाहिलं होतं. मग त्यांनी कुलूप पाहिलं. मग वल्हं.

ताई सरळ वल्ह्यापाशी गेली. पात्याच्या कोपऱ्यावरच्या तांब्याच्या पट्टीवरून अंगठा फिरवला, जसा आपण लहान पोराच्या गालावरून फिरवतो. "त्याचंच आहे," ती म्हणाली. मग बाईंकडे वळली. "बघितलंत? तो उतरला. वर आला. थांबू नका, असं सांगतोय. लिहा आता."

"मला जे दिसतंय ते मी लिहीन, ताई," बाई म्हणाल्या. त्यांनी शिपायाला सांगितलं, "ते वल्हं ताब्यात घ्या."

शिपायानं ओढलं. निघालं नाही. दोन्ही हातांनी ओढलं. ड्रायव्हर आला, दोघांनी हलवलं. वल्हं जागचं हललं नाही. तेव्हा सगळे खाली वाकले.

दांडा काँक्रीटमध्ये होता. वर टेकवलेला नाही, भोक पाडून घातलेला नाही. आत. चारी बाजूंनी काँक्रीट त्याला चिकटलेलं, कुठं तडा नाही, कुठं नवं सिमेंट नाही. मॅनेजर वाकून बघत होता आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं, कारण त्या पट्ट्याचं काम त्यानंच करून घेतलं होतं. फाटक बसवलं तेव्हा. मास्तर बुडायच्या वर्षभर आधी.

शेवटी काँक्रीट फोडायचं यंत्र मागवावं लागलं. दुपार झाली. हातभर खोल फोडल्यावर दांडा सुटला. त्याच्या टोकाला मूठभर वाळू होती, नदीची, बारीक. ओली.

"मग पुढे?" कोपऱ्यातलीनं विचारलं. तिनं पाय पोटाशी घेतले होते.

पुढे कुलूप गेलं. खटक्याचे तिन्ही फोटो नेहमीसारखेच सुमार होते, पण तारीख, पाटी, कुलूप, सगळं स्वच्छ. तारेची वेटोळी काढली, म्हणून तर तुम्ही आज इथं आहात. वॉचमन सापडला नाही. असा कुणी वॉचमन आमच्याकडे नव्हताच, असं कंपनी म्हणते. मी त्याच्याशी बोललेल्या माणसाचं नाव दिलं, तर म्हणतात, तुमचा फोटोवाला रात्रभर गारठ्यात होता, त्याला भास झाला. ठीक आहे. भासाचे केस ओले होतात का, ते मी विचारलं नाही.

खटक्यानं महिन्याभरात नोकरी सोडली. आता तलावावर असतो. पोहायला शिकला या वयात, आणि लहान पोरांना शिकवतो. कधी गेलात तर बघा, पोर ताठ झालं की तो काय म्हणतो.

आणि ताईचं वाक्य? बाईंनी लिहिलं की वल्हं फाटकाच्या रस्त्याकडील बाजूस, उभे, काँक्रीटमध्ये रोवलेले आढळले. ते तिथं कसं आलं यावर सरकारी इंजिनिअरचा अहवाल आला की पुढचं लिहिता येईल. इंजिनिअरनं फोडलेले तुकडे नेले, तपासले. मला भेटला तेव्हा म्हणाला, एकाच वेळी ओतलेलं काँक्रीट आहे, त्यात नंतर काहीही घातलेलं नाही. मी म्हटलं, मग दांडा? तो म्हणाला, अहवालात लिहितो.

त्याला आता दोन वर्षं होत आली. ताई थकलीय, म्हणून तिच्या वतीनं मी फोन करतो. परवाही केला, संध्याकाळी, कचेरी बंद व्हायच्या आत. एका पोरानं उचलला. विचारलं, वल्ह्याचा अहवाल आला का?

म्हणाला, "साहेब नाहीत. सकाळी या."